खालच्या मजल्याचा करार

लातूरला घर घ्यायचं खूळ माझं नव्हतं, ह्यांचं. मी नांदेडला शाळेत शिकवते, हे रेल्वेच्या ऑफिसात आहेत. तिथं कुणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलं की लातूरला क्लासेससाठी दरवर्षी नवी मुलं येतात, खोली कधी रिकामी राहत नाही. मग क्लासेसच्या भागात आठ खोल्यांचं एक दुमजली घर पाहिलं. माझा पीएफ निम्मा काढला, उरलेल्याला बँकेचं कर्ज. भाड्यातून हप्ता जाणार, पंधरा वर्षांत घर मोकळं होणार. कागदावर सगळं सोपं दिसत होतं. खोल्या फक्त मुलींना द्यायच्या, एवढी अट मी घातली.

महिन्यातून एका रविवारी मी एसटीनं लातूरला जायची. कुणाचा नळ गळायचा, कुणाला टँकरचं पाणी पुरायचं नाही. ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ह्यांना विचारून सांगते."

दुसऱ्या वर्षी बिलोलीकडची एक बाई अकरावीतल्या मुलीला घेऊन आली. लातूरला अशा आया पुष्कळ. लेकरू डॉक्टर व्हावं म्हणून दोन वर्षं खोली घेऊन राहतात, नवरा गावाकडं शेती बघतो. ही फार बोलायची नाही. गॅस चालतो का, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, तुमच्यापुरता चालतो.

दिवाळीनंतर शेजाऱ्यांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या घरात खानावळ सुरू झाली. माहीत आहे ना?"

मी रजा टाकून, न कळवता गेले. दुपारची वेळ होती. जिन्याच्या पायऱ्यांवर ताटं घेऊन मुली बसल्या होत्या, माझ्या घरातल्याही आणि बाहेरच्याही. ती खोलीत भाकरी थापत होती.

"ताई, हे काय चाललंय?"

"जेवून राहिल्या पोरी."

"करारात काय लिहिलंय, वाचलं होतं ना?"

"वाचलं होतं, बाई." तिनं तवा उतरवला. "वरच्या पोरीला ताप होता. मेसचा डबा तिला जाईना, म्हणून वरणभात दिला. मग तिची मैत्रीण आली. पैसे मी मागितले न्हाईत. त्यांच्या आयांनीच पाठवले."

"आणि सिलेंडरनं पेट घेतला तर?"

 तिनं माझ्यापुढं ताट वाढलं, ते मी घेतलं नाही. महिनाअखेर खोली सोडा, असं सांगून निघाले. जिन्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, काकू गेल्या तर आम्हीपण जाऊ." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

परतीच्या एसटीत बसल्यावर राग उतरला आणि हप्ता आठवला. वर्षाच्या मध्येच पाच-सहा खोल्या रिकाम्या झाल्या तर तो भरायचा कुठून? तिला ठेवून घेतलं ते मोठ्या मनानं, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. ते खरं नव्हतं. मी घाबरले होते. दुसऱ्या दिवशी फोन करून तिला खालच्या मजल्यावरची मागची खोली दिली, सिलेंडर बाहेर अंगणात ठेवायला लावला आणि भाडं वाढवलं. "हाव," म्हणून तिनं होकार दिला आणि वाढवलेल्या भाड्यातले दोनशे कमी करून घेतले.

त्यांची दोन वर्षं संपली, मुलीचा निकाल लागला. डॉक्टरकीला मार्क पुरले नाहीत. तिनं नांदेडला नर्सिंगला प्रवेश घेतला. आई आता गावी जाणार, म्हणून मी डिपॉझिट परत द्यायला गेले. दारात टेम्पो उभा होता. तिचा नवरा, सरळ, भिडस्त माणूस, सामान भरायला आला होता. पण तिनं एक पातेलंही हलवलं नव्हतं.

"मी न्हाई येत," ती म्हणाली.

"लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या. पोरीची फी कुठून भरली, तेपण सांगा म्हणावं त्यांना." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, खानावळीला खालचा सगळा मजला मला द्या. करार माझ्या नावानं करा."

नवरा कसनुसं हसला. "हिच्या नावानं? हिच्या नावावर हाय काय?"

मला रजिस्ट्री ऑफिस आठवलं. हे घर माझ्या नावावर घेतलं, कारण बाईच्या नावानं स्टॅम्प ड्युटीत सवलत मिळते. तिथल्या कारकुनानं सगळे प्रश्न ह्यांनाच विचारले होते, मी फक्त सह्या केल्या. ह्यांना विचारून सांगते, हे शब्द माझ्या ओठांवर आले. ती माझ्याकडंच बघत होती.

"देते," मी म्हटलं.

ह्यांना फोनवर सांगितलं. "विचारायचं तरी," हे म्हणाले. दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं.

तिचा नवरा त्या दिवशी जेवून, एक गादी आणि मुलीची पुस्तकं घेऊन गेला. आता पंधरा दिवसांनी येतो. शेतातली ज्वारी, तूर आणतो आणि ती त्याला बाजारभावानं पैसे देते. आधी त्याला लाज वाटायची. आता मोजून घेतो.

यंदा ह्यांनी वरती आणखी एक मजला काढायचं मनावर घेतलं. बँक वाढीव कर्ज द्यायला तयार होती. मी लातूरला जाऊन तिला विचारलं.

"नका काढू," ती कणीक मळता मळता म्हणाली. "निम्म्या पोरी आता घरी बसून मोबाइलवर शिकून राहिल्या. समोरच्या गल्लीत तीन घरांवर पाट्या लागल्यात, खोली भाड्यानं देणे आहे म्हणून. तुम्ही रविवारचं येता, तुम्हाला दिसत न्हाई."

मी उठून समोरच्या गल्लीत चक्कर मारली. पाट्या तीन नव्हत्या, पाच होत्या. बँकेचा अर्ज पर्समध्ये होता, त्यावर माझी सही राहिली होती. मी ती केली नाही. हे अजूनही म्हणतात की संधी गेली. गेलीही असेल.