वजन भरलं म्हणून

काकूंचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या गाडीत बसलो होतो. तात्यांना भेटायलाच निघालो होतो. "आता घाई करू नको," एवढंच त्या म्हणाल्या. तात्यांना जाऊन दीड महिना होत आला, पण मन अजून ठिकाणावर नाही... हातातलं काम सोडून ते तेच तेच उलटंपालटं करत बसतं.

तात्या माझे थोरले चुलते. राहायला बावड्यात, हंगामात ट्रॅक्टरनं कारखान्यावर ऊस वाहायचे. वडील लवकर गेले, मला तात्यांनीच शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी. पण निकाल लागला त्या दिवशी त्यांनी हार घातला तो ट्रॅक्टरला. "ह्यानंच शिकवलं तुला," म्हणाले.

खोकला लागला तो त्यांनी पाचटाच्या धुरळ्यावर ढकलला. मग रोज संध्याकाळचा ताप, घाम, सैल होत गेलेले कपडे. थुंकी तपासली तर क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या आणि दोनेक महिन्यांत खोकला थांबला, भूक लागली. हंगाम तोंडावर आला होता, गोळ्या घेऊन ट्रॅक्टरवर बसलं की त्यांना मळमळायचं. एके दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर उभे राहून आले आणि घरात जाहीर केलं, "वजन भरलं. माल पास झाला." गोळ्या बंद. कारखान्याचा काटा उसाचं वजन मारतो म्हणून सगळे ओरडतात, साऱ्या तालुक्यात काट्यावर विश्वास ठेवणारा हा एकच माणूस, असं काकू चिडवायच्या.

मी परोपरीनं सांगितलं. औषधानं भराभर वाढणारे जंतू आधी मरतात, म्हणून बरं वाटतं. काही मात्र फुप्फुसात निपचित पडून असतात, पुढचे महिने त्यांच्यासाठी असतात. मध्येच सोडलं तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. तात्यांनी ऐकलं, हसले आणि ट्रॉली जोडायला गेले.

वर्षभरानं खोकला परतला, रक्त घेऊन. जुनी औषधं चालेनात. नवी त्यांनी निमूटपणे, एकही न चुकवता घेतली. पण तोवर फुप्फुसं पोखरली होती, त्यात मधुमेह. शेवटच्या भेटीत धाप लागत असताना त्यांनी माझं मनगट धरलं. "तुझ्या काकूला तपासून आण. माझ्याच हवेत ऱ्हातीया ती."

काकूंना ना खोकला, ना ताप. तरी तपासणीत निघालं की जंतू अंगात शिरलाय, फक्त निजलेला आहे. तो उठू नये म्हणून रोजच्या गोळ्या दिल्या. धडधाकट बाई त्या महिनोन्‌महिने कशी घेणार, या विचारानं मला झोप लागेना. दिवसाआड फोन करायचो. शेवटी परवा बावड्याला गेलोच आणि आत शिरता शिरता गोळ्यांचं विचारलं.

काकूंनी माझ्यासमोर गोळी तोंडात टाकली, तांब्या उचलून वरून पाणी प्यायल्या.

"ह्यांना आतनं बरं वाटलं, म्हनून ह्यांनी थांबवलं," त्या म्हणाल्या. "मला तर काय झाल्यालंच न्हाय. मग कवा थांबायचं, ते माझं अंग मला कसं सांगंल? डॉक्टर सांगस्तवर घ्यायची."

बोलून त्या तात्यांच्या बाजेवर टेकल्या. मधोमध नवार खोलगट झाली आहे, ती जागा सोडून, कडेला.