खिळेमामांनी दाखवलेला माळा

खिळेमामांना हे नाव पडलं ते त्यांच्या सवयीमुळे. सोफ्याला कापड ठोकताना मूठभर चुका, म्हणजे बारीक खिळे, ते तोंडात धरायचे आणि जिभेने एकेक पुढे काढून हातोडीखाली द्यायचे. "लोक चुका पोटात घालतात, आमचे हे तोंडात ठेवतात," असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. गेल्या तीन वर्षांत मात्र त्या चुकांचा मामांना वेगळाच आधार झाला होता. तोंड भरलेलं असलं की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. मामांचे कान जात चालले होते आणि ही गोष्ट उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. गिऱ्हाईक काय म्हणालं ते मामीच त्यांच्याकडे तोंड करून, जरा चढ्या आवाजात पुन्हा सांगायची. "कानाचं यंत्र घ्या हो," म्हणून तिने किती वेळा विनवलं, पण मामांचं एकच, "म्हातारा झालो अशी पाटी गळ्यात लावून फिरू का?"

निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंचं काम आलं, तेव्हा मामी नेमकी तापाने अंथरुणाला खिळली होती. सोफा दारातून निघेना, म्हणून मामा हत्यारं घेऊन एकटेच त्यांच्या घरी गेले. घरात माणसं दोनच, बाई आणि त्यांची मांजर ठकी. ही ठकी म्हणजे भारी उपद्व्यापी. एकदा धुण्याच्या यंत्रात झोपलेली सापडली, एकदा फ्रिजमागे अडकली, आणि माळ्यावर तर तिचा रोजचाच राबता. "फट दिसली की हिला आत काय आहे ते बघायचंच असतं," बाई कौतुकाने म्हणाल्या. मामांनी नुसतीच मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम उरकलं. सोफा पालथा करून मामांनी तळाचं काळं कापड चारी बाजूंनी ठोकलं, सोफा सरळ केला, वरच्या निळ्या कापडावरून एकदा हात फिरवला आणि ते घरी गेले.

सकाळी बाई स्वतः दुकानात आल्या. डोळे रडून सुजलेले. मामांना अर्धंच ऐकू आलं, उरलेलं त्यांनी ओठांवरून जुळवलं. ठकी सापडत नव्हती. घरातच कुठेतरी ओरडत होती.

मामा लगेच त्यांच्याबरोबर गेले. बैठकीच्या खोलीत बाई श्वास रोखून उभ्या राहिल्या. "ऐका... येतोय ना आवाज?"

मामांच्या कानावर काहीही पडत नव्हतं. "येतोय की," ते म्हणाले.

"कुठून?"

बाईंची नजर वर गेली होती. तीच पकडून मामांनी न्हाणीघरावरच्या माळ्याकडे बोट दाखवलं.

बाईंना ते पटलं. दिवसभर दोघांनी माळा उपसला. ट्रंका, वह्यांचे गठ्ठे, मोडका पंखा, सगळं खाली आलं. मामांनी मागच्या फळ्यासुद्धा उचकटल्या. "मला खालून येतोय असं वाटतं हो," बाई एकदा जवळ येऊन म्हणाल्या. "आवाज घुमतो," मामांनी ठोकून दिलं. चारच्या सुमाराला बाई मटकन जमिनीवर बसल्या. "थांबला. आता येतच नाही."

मामा दमून सोफ्यावर टेकले. तळहात निळ्या कापडावर होता. त्याखाली काहीतरी अगदी हलकंसं थरथरलं. चाळीस वर्षं स्प्रिंगा बांधणाऱ्या त्या हाताला ते लगेच कळलं. स्प्रिंग आपणहून थरथरत नाही.

त्यांनी सोफा उलटा केला आणि काळं कापड टराटरा फाडलं. काल सोफा पालथा, उघडा पडलेला असताना मामा हात धुवायला गेले होते. तेवढ्यात ठकी आत शिरली असणार. कंबरेत दोन स्प्रिंगांमध्ये अडकली होती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. ती ओरडत होती की नुसतीच धापा टाकत होती, ते मामांना कळेना.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, सकाळी आणली असती तर काही करता आलं असतं. त्याच संध्याकाळी ठकी गेली.

दवाखान्याच्या पायरीवर मामा म्हणाले, "बाई, मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली." आवाज नको तितका मोठा झाला. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

बाईंनी विचारलं, "मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

हे मात्र त्यांना शब्दन् शब्द कळलं.

आठवडाभर त्यांनी दुकान उघडलं नाही. मामीला सगळं सांगितलं, तेव्हा ती रागावली नाही. तिने नुसतं त्यांचं डोकं कुशीत घेतलं. नवव्या दिवशी मामा बाईंच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बाईंनी दार उघडलं, त्यांना आत घेतलं आणि एक खुर्ची पुढे सरकवली. टेबलावरची वही ओढून त्यांनी शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशा ठळक अक्षरात लिहिलं, "मला खालून ऐकू येत होतं. मी माझ्याच कानांचं का नाही ऐकलं?"

मामांनी ते दोनदा वाचलं. हात जोडायला गेले, पण ते हात त्यांनी डोळ्यांवरच धरले.

बाईंनी वही परत घेऊन खाली लिहिलं, "चहा ठेवते," आणि त्या आत गेल्या. मामा खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. निळा सोफा खोलीत कुठे दिसत नव्हता. त्याचं काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही.