दोन पाहुणे आणि एक काचेची तार

मामांना मी पाणी दिलं होतं, चहा दिला नव्हता. झालं ते एवढंच. पण बेंबळीपासून सास्तूरपर्यंत ज्यानं त्यानं ह्याला आपापलं तिखटमीठ लावलंय, म्हणून म्हणलं एकदा आपणच नीट लिहून काढावं.

माझ्या धाकट्या दिराचा मुलगा गावात केबल चालवतो. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या जावेच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, आणि माझ्या टीव्हीवर काय चाललंय ते तिला आवाजावरून. गल्लीत अजून बरीच घरं माळवदाची आहेत, म्हणजे लाकडाच्या तुळयांवर मातीचं सपाट छत. त्यावर कुणी बूट घालून धाडधाड चाललं की माती दबते आणि पावसात नेमकं देवघरावर गळतं. म्हणून परक्या माणसाला आम्ही वर चढू देत न्हाई, मग तो कुणी का असंना. मुभा एकट्या आमच्या पोराला. तो चपला खाली काढतो, तुळईच्या रेषेनं पाय टाकतो, वर कुणाच्या कुरडया वाळत असल्या तर वळसा घालून जातो. जाताना एखादी तोंडात टाकतो, तेवढं चालतं.

गेल्या वर्षी त्याला सास्तूरचं एक स्थळ सांगून आलं. मुलगी शिकलेली, तिथंच कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवणारी. मोबाईलवर फोटो आले-गेले आणि दोन्हीकडून पसंती झाली. पोरगं तर तो फोटो खांबावर चढूनसुद्धा बघायचं, खालून मला दिसायचं. अडलं ते मुलीच्या वडिलांपाशी. मध्यस्थ त्यांचा निरोप घेऊन आला.

"पोराबद्दल काही न्हाई," तो म्हणला. "पण टेलिफोनची कंपनी आता गावोगाव फायबर टाकायलीय. त्याच एका तारेत फोन, इंटरनेट, टीव्ही समदं येतंय. मग केबल कोण बघणार, असं त्यांचं म्हणणं. मुलीचे मामा येऊन तपास करतील, मग ठरवू म्हणाले."

तपास ही आमच्या भागातली जुनी रीत. येणारा माणूस मी मुलीकडचा असं कधी सांगत न्हाई. कुणी बैल बघायला आल्यासारखा येतो, कुणी पाणी मागतो, कुणी रस्ता चुकतो. बसतो, गप्पा मारतो आणि पोराचं समदं काढून घेऊन जातो. माझ्या वेळी सासरचा माणूस कल्हईवाल्याच्या संगं आला होता. माझ्या आईनं त्याच्याकडून घरातली सगळी पातेली घासून घेतली. लग्न तरी झालंच.

त्याच आठवड्यात पोरगं बाजारातून दुसरी बातमी घेऊन आलं. फोनच्या कंपनीचा माणूससुद्धा आमच्या गावात फिरून बघणार होता, घरं किती, खांब कुठं, तार न्यायची कशी. तोही सांगून येणार न्हाई. केबलवाल्याच्या गल्लीत येऊन, तुमचा धंदा बसवायला आलोय बरं का, असं कोण म्हणंल?

म्हणजे गावात दोन माणसं येणार, आणि आपण कोण हे दोघंही सांगणार न्हाईत. जाऊ घाबरली. मी म्हणलं, "तू बिनघोर राहा. माणूस मी चालीवरून ओळखते."

पहिला आला तो सकाळी. लिंबाच्या झाडाखाली मोटरसायकल लावली, ओट्यापाशी बूट काढले आणि म्हणला, "मावशी, जरा पाणी मिळंल का?"

बूट काढले, पाणी मागितलं. आणखी काय पुरावा पाहिजे? जावेला मी डोळ्यानं खुणावलं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि दह्याचं गाडगं आणायला पळाली. मी धपाटे थापायला घेतले.

"इथं केबल कोण चालवतं?" त्यानं विचारलं.

"आमचंच पोरगं."

"काही शिक्षण?"

"आयटीआय. वायरमन. सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. काढून दाखवू?"

"नको, राहू द्या. माणूस भरवशाचा आहे ना? पिऊन खांबावर चढत न्हाई?"

"चहा पितो," मी म्हणलं. "तो पण बिनसाखरेचा."

हे काही खरं नव्हतं. साखर तो मुठीनं घालतो. पण तपासाला आलेल्या माणसापुढं तेवढं चालतं. दारामागून जावेनं आणखी एक भर टाकली, "आईला उलटून बोलत न्हाई." मी धपाट्याकडं बघत राहिले, न्हाईतर हसू आलं असतं.

त्यानं वर माळवदाकडं बघितलं. "छतावरनं वायर न्यायला लोक अडवत असतील?"

"सगळ्यांना अडवतात. त्याला न्हाई."

"आणि दुसरा कुणी चढला तर?"

"मागं टीव्हीची छत्री बसवणारा एक जण बुटासकट चढला. शेजारच्या म्हातारीनं शिडी काढून घेतली. उन्हात बसून होता. हात जोडले तवा खाली घेतला."

तो हसला न्हाई. मोबाईलवर टकाटक काहीतरी लिहिलं. मला वाटलं, मुलीच्या वडिलांना कळवतोय. धपाटे खाऊन झाले, दही वाटीभर संपलं, आणि उठताना तो म्हणला, "असाच माणूस आम्हाला पाहिजे होता. मी वर बोलून घेतो, मग त्यालाच फोन करतो."

दारामागं जावेनं पदरानं डोळे पुसले. मी उरलेले धपाटे त्याच्या पिशवीत घातले, आणि तो फाट्याला पोचायच्या आत गल्लीत साखर वाटून मोकळी झाले.

दुसरा आला तो मधे चार-सहा दिवस सोडून, भर दुपारी, एसटीनं. जाऊ गिरणीला गेली होती. डोळ्याला काळा चष्मा, गळ्यात दस्ती, म्हणजे रुमाल, आणि बूट पायातच. माणसाकडं बघंना, वरच बघत चालला होता. खांब बघतोय, वायरी बघतोय, खांबावरचा केबलचा डबा बघतोय. मी मनात म्हणलं, आलास का बाबा, ये.

"केबलवाल्याचं घर हेच का?"

"कशाला?"

"सहज विचारलं. धंदा कसा चाललाय त्याचा?"

"तुमाला काय करायचंय?"

"तसं न्हाई. गावात फायबर आल्यावर टिकंल का, म्हणलं."

फायबर हा शब्द त्यानं स्वतः काढला, मी न्हाई. आता मला थांबवणार कोण?

"फायबर इथं येतच न्हाई," मी म्हणलं. "पोरगं येऊ देणार न्हाई. डोकं लई तापट. मागं एक जण वायरीला हात लावायला आला, तर कोयता घेऊन पाठी लागलं. पार बेंबळीच्या फाट्यापर्यंत."

"कोयता?"

"उसाचा."

"मग?"

"मग काय. त्या माणसाच्या चपला अजून हितंच पडल्यात." आणि मी ओट्याखालच्या चपला दाखवल्या. त्या माझ्या दिराच्या जुन्या, शेतात घालायच्या. त्यानं चष्मा काढून नीट बघितल्या.

"घरातलं कुणी काही बोलत न्हाई त्याला?"

"घरात समदे तसलेच. मी सख्खी चुलती, मला सुदिक भ्या वाटतं."

"बायको आली म्हणजे निवळंल."

इथं माझ्या डोक्यात काहीतरी पेटायला पाहिजे होतं. पण गाडी उताराला लागली होती. मी म्हणलं, "त्याला कोण देतंय बायको?"

त्यानं चष्मा परत डोळ्याला लावला. पाणी मागितलं, ते दिलं. पाणी पिऊन थोडा वेळ उभा राहिला. कशासाठी ते मला चांगलं कळत होतं. मी सूप घेतलं आणि ज्वारी पाखडायला बसले.

संध्याकाळी पोरगं घरी आलं ते बुचकळ्यात पडून. "काकू, फोनच्या कंपनीचा माणूस आपल्याकडं येऊन गेला का? मघाशी त्याचा फोन होता. म्हणतो, आम्हाला गावात आमची माणसं न घालता तुमच्यासंगं काम करायचंय. छतावरनं तार तुम्ही न्या, घरोघरची जोडणी तुम्ही सांभाळा. आणि धपाटे फार चांगले होते म्हणला."

माझ्या हातातलं सूप हातातच राहिलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून जाऊ मोबाईल कानाला लावूनच आली. मध्यस्थ बोलत होता, आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मुलीच्या मामांना आमच्या दारात चहासुद्धा विचारला न्हाई, आणि वरनं कोयत्याचं भ्या घातलं.

जावेनं फोन बंद केला. "अक्का," ती म्हणली, "तुमी चालीवरून माणूस ओळखता न्हवं?"

पोरगं ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणलं, "काकू, आपल्या कोयत्याला दांडा न्हाई. निदान दांडा असलेलं काहीतरी सांगायचं." आणि न जेवता जाऊन पडलं. कंपनीच्या माणसाला काय सांगितलं विचारलं, तर म्हणलं, "थांबा म्हणून सांगितलंय. आधी सास्तूरचं कळू दे. माझं मनच न्हाई."

पुढं भिंतीपलीकडून फोडणीचा वास यायचा, पण वाटी येईना. आजवर असं कधी झालं नव्हतं. शेवटी मी ठेवणीतलं लुगडं काढलं आणि भिंतीवरून जावेला म्हणलं, "चल, सास्तूरला." ती आली, पण एसटीत पलीकडच्या बाकावर बसली. मी शाळेत गेलेले न्हाई. मला अक्षरं आली ती एसटीच्या पाट्या वाचून. त्या दिवशी पाटी वाचण्यापलीकडं मला काही सुचत नव्हतं. कुणाच्या दारात जाऊन काय बोलायचं, ते काही पाटीवर लिहिलेलं नसतं.

सास्तूर भूकंपानंतर नव्यानं बसलेलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. इथं तार न्यायला काहीच अवघड न्हाई, असं उगीच मनात येऊन गेलं. मुलीच्या घरी वडील होते आणि, माझं नशीब, मामाही होते. गळ्यात तीच दस्ती.

आम्हाला बसायला दिलं. पाणी आलं. पाणी पिऊन झालं. मी वाट बघितली. मामा कोपऱ्यातलं सूप घेऊन शेंगा पाखडायला बसले. पाखडता काही येत नव्हतं त्यांना, निम्म्या शेंगा अंगणात चालल्या होत्या. पण माझ्याकडं बघून पाखडत होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "कोयता आणलाय का?"

माझ्याआधी जाऊ बोलली, "कोयता कशाला, अक्कांची जीभ आणलीय की."

इतक्या दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं पहिलंच वाक्य. मला इतकं हायसं वाटलं की सगळं सांगून टाकलं. पहिला पाहुणा, धपाटे, दही, वाटलेली साखर. दिराच्या चपलांचंसुद्धा सांगितलं. वडील गंभीर बसले होते, पण त्यांचं पोट हलत होतं.

मामा म्हणाले, "कोयत्याचं मला त्याच दिवशी कळलं. तुमच्याकडं चहा मिळाला न्हाई म्हणून फाट्यावरच्या हॉटेलात गेलो. तिथं कोयता म्हणलं तर समदं हॉटेल हसायलं. म्हणले, तो गडी कुरडईवर पाय पडंल म्हणून वळसा घालतो, माणसाला काय कापतोय. मध्यस्थाला मी फक्त चहाचं सांगितलं होतं. कोयता त्यानं हॉटेलातून ऐकला आणि भ्या आपल्या मनानं वाढवलं."

"मग तुम्ही आम्हाला इतके दिवस..." मी म्हणलं.

"इतके दिवस," मामा म्हणाले, आणि शेंगा पाखडल्या. "पण माझा सवाल तिथंच हाय. फायबर आल्यावर पोरगं टिकंल का? त्याचं उत्तर तुमी दिलंच न्हाई."

तेवढ्यात आतून मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. दारामागं उभं राहून तिनं सगळं ऐकलं होतं. हसू दाबून दाबून तिचे कान लाल झाले होते. कप माझ्या हातात देत तिनं विचारलं, "म्हणजे कंपनीच्या माणसाला धपाटे आणि आमच्या मामांना नुसतं पाणी?"

"व्हय बाई."

"मग कंपनीला काय सांगितलं त्यांनी?"

"थांबा म्हणलाय. आधी सास्तूरचं कळू दे म्हणतो."

तिनं ट्रे खाली ठेवला. "त्यांना म्हणावं, सास्तूरसाठी थांबू नका. आधी कंपनीला हो म्हणा. दोन्ही लायनी एकाच माणसाच्या हातात राहतील, मग टिकायचं काय राहिलं?" आणि आत निघून गेली.

वडिलांनी मामांकडं बघितलं. मामांनी सूप बाजूला ठेवलं आणि दुसरा कप उचलला. परत येताना एसटीत जाऊ माझ्याच बाकावर बसली आणि तिनं पिशवीतून माझ्यासाठी शेंगाची पोळी काढली. म्हणजे बाईनं घरूनच बांधून आणली होती, फक्त जाताना दिली नव्हती.

लग्न झालं. तारही आली. नव्या सुनेनं मला ती उघडून दाखवली. वरनं काळं आवरण आणि आत केसाएवढी काच. तिच्यातून म्हणं उजेड पळतो. तुटली तर दोन्ही टोकं एका पेटीत समोरासमोर धरून वितळवून जोडतात. पोरगं ती तार खांद्यावर घेऊन अनवाणी माळवदांवरून फिरलं, आणि कंपनीचे लोक खाली उभे राहून वर बघत होते. म्हातारीनं शिडीला हात लावला न्हाई. जुन्या केबलच्या काढून ठेवलेल्या वायरीवर जाऊ आता गोधड्या वाळत घालते. ज्यांना केबलच पाहिजे त्यांच्याकडं केबल आहे, ज्यांना फायबर पाहिजे त्यांच्याकडं फायबर. बंद काहीही पडलं तरी शिव्या आमच्याच घराला.

मामा अधूनमधून भाचीकडं येतात. दारात उभे राहतात, काळा चष्मा न काढता वर वायरीकडं बघतात आणि मोठ्यानं म्हणतात, "कंपनीचा माणूस आलाय. पाणी मिळंल का?"

मी पाणी देते आणि सूप घेऊन पाखडायला बसते. आत सून आधण ठेवते, ते त्यांनाही ऐकू येतं आणि मलाही. चहा येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडं बघत न्हाई. बूट मात्र आता ओट्यापाशी काढतात.