मास्तरचा तळहात
भट्टीवरच्या कामगारांच्या हातमोज्यांचं कापड तपासायला बत्तीस वर्षं एकच माणूस होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. तापल्या लोखंडी पट्टीवर कापड पसरायचं, त्यावर स्वतःचा तळहात टेकवायचा आणि चटका किती सेकंदांनी बसला ते सांगायचं, ही त्याची पद्धत. शेजारच्या उष्णता मोजणाऱ्या यंत्राला तो हिंग लावून विचारत नसे. "यंत्राला कातडी आहे का?" असं तो विचारायचा.

घरी तो उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उतरवायचा. बायको कौतुकाने म्हणायची, "चिमटा कशाला, आमचे हे आहेत ना!"

नवं कापड आलं तेव्हा यंत्राचा काटा आठ सेकंदांतच लाल रेघेपलीकडे गेला. मास्तरच्या हाताला मात्र तीस सेकंदांनीही काही जाणवलं नाही. "यंत्र बिघडलंय," त्याने फर्मावलं आणि कापड पास केलं.

महिन्याभरात भट्टीवर त्याच्याच धाकट्या भावाचे दोन्ही हात भाजले. हाताला बँडेज बांधलेला भाऊ तपासणीच्या खोलीत येऊन उभा राहिला, तरी मास्तरचा तोरा उतरला नाही. "हातमोजे घालायची अक्कल नसेल तर कापड काय करणार?" असं म्हणत त्याने सगळ्यांदेखत पट्टी तापवली, तेच कापड पसरलं आणि तळहात दाबून धरला. कारखान्याचा साहेब घड्याळात बघत सेकंद मोजू लागला.

खोलीत कातडी जळल्याचा वास सुटला.

"दादा, हात काढ!" भाऊ ओरडला. त्याला दादाचा हात ओढायचा होता, पण बँडेजमधली बोटं मिटेनात.

मास्तर हसला. "घाबरतोस काय? अजून चटका कुठे बसलाय!"