न उडणारी खुर्ची

लातूरहून निघताना मी बायकोला सांगितलं, भोकरकडे एक ट्रक उलटलाय, बघून येतो. मी मोटार विम्याचा सर्व्हेयर आहे, त्यामुळे अशा थापा सहज पचतात. गाडी आपटली की आपटवली, हे ठरवणं माझा धंदा. बायकोनं डब्यात धपाटे भरले आणि विचारलं, "ट्रक बघायला इस्त्रीचा शर्ट?" मी बुटांच्या नाड्या बांधत राहिलो. आमच्या घरात संशय घेण्याचं खातं माझ्याकडेच आहे, असं मला उगाच वाटत आलं होतं.

बस अहमदपूरला थांबली तेव्हा उजाडलं होतं. स्टँडसमोर सुशीला (मुरमुऱ्यांचा उपमा) खाल्ला. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चालली होती. मळणीयंत्रातून उडणारा भुसा थेट बसमध्ये येत होता. शेजारचा माणूस झोपेत माझ्या बॅगेवर रेलला. मी बॅग ओढून मांडीवर घेतली. बॅगेत वडिलांचा गणवेशातला फोटो होता. दुसरं काही चोरण्याजोगं नव्हतं.

कुठे चाललो होतो ते सांगून टाकतो. लपवाछपवी पुष्कळ झाली.

माझे वडील हवाई दलात वैमानिक होते. एकाहत्तरच्या युद्धात ते बॉम्बफेकी विमान उडवत. त्या विमानात दोघंच असत. वर वैमानिक, आणि खाली पुढे, विमानाच्या नाकात, वाट काढणारा नॅव्हिगेटर. वडिलांचा नॅव्हिगेटर हिमायतनगरजवळच्या एका खेड्यातला होता. नाव प्रल्हाद. रात्री दिवे मालवून शत्रूच्या धावपट्टीपर्यंत जायचं, खालून तोफा चालू असताना विमान सरळ रेषेत धरायचं, बॉम्ब टाकायचे आणि परत फिरायचं. असं ते अनेकदा जाऊन आले. एका रात्री विमानाला आग लागली. वडील हवाई छत्रीनं उतरले, कैद झाले, युद्धानंतर सुटून आले. प्रल्हाद आला नाही.

ही हकीकत मी वडिलांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकली. दर पंधरा ऑगस्टला आमच्या भागातल्या शाळेत ते ती सांगत. "मी म्हणालो, प्रल्हाद, जा. तो म्हणाला, येतो सर. त्याची पांढरी छत्री उघडलेली मी पाहिली. मग मी निघालो." पोरं टाळ्या वाजवत. मला लहानपणी अभिमान वाटे. पुढे या धंद्यात आल्यावर कान टवकारले. अपघातातून वाचलेला माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. कधी कुत्रा आठवतो, कधी समोरचा दिवा. शब्दाला शब्द तेच सांगणाऱ्याचा दावा मी बाजूला काढून ठेवतो. आणि जळत्या विमानातून, काळोखात, मागे पडलेली छत्री दिसते कशी?

विचारलं मात्र कधीच नाही. तीन वर्षांपूर्वी, दवाखान्यात, त्यांनी आपण होऊन खरं काय ते सांगितलं. त्यानंतर ते गेले आणि शाळेनं भाषणाला मला बोलावलं. मी गेलो. पांढऱ्या छत्रीसकट सगळं तसंच सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा. टाळ्या वाजल्या.

गोदावरीचा पूल ओलांडून बस नांदेडात शिरली. स्टेशनवर आदिलाबादकडे जाणारी गाडी लागलेली होती. खिडकी मिळाली. समोर चौकड्याच्या शर्टातला, पंचेचाळिशीचा एक माणूस येऊन बसला. मुदखेड गेल्यावर त्यानं पिशवीतून सीताफळ काढलं, फोडलं, अर्धं माझ्यापुढे धरलं.

"घ्या."

"नको." फळातून गुंगीचं औषध देऊन लुटलेल्यांच्या बातम्या मी कात्रणं ठेवावीत इतकं मन लावून वाचतो.

"सीताफळात काय घालता येतंय हो?" तो हसला. "कुठले म्हणायचे?"

"लातूर."

"इकडं कामून?" (कशासाठी?)

"एक ट्रक उलटलाय."

"कुठं?"

"हिमायतनगरला."

"आसं का. मी तिथलाच हाय. आम्हाला न्हाई कळलं ते."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. भोकर मागे पडलं तशी कापसाची शेतं सुरू झाली. बोंडं फुटली होती. बाया कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. मध्येच सागाची झाडी, मग पुन्हा कापूस. देखणा मुलूख आहे, पण मला त्याची मजा घेता येईना. तो माणूस बिया खिडकीतून फेकत होता आणि माझ्या बॅगेकडे बघत होता.

हिमायतनगरला मी उतरलो, तोही उतरला. मी पाय उचलले, त्यानंही उचलले. शेवटी मी चहाच्या टपरीत शिरलो, तर शेजारच्या बाकड्यावर हा हजर.

"दोन कट," त्यानं परस्पर सांगितलं आणि माझ्याकडे वळला. "लई थापा मारता राव तुम्ही. फोनवर तर म्हणले, प्रल्हादकाकाच्या पायलटाचा मुलगा बोलून राहिलो."

तो मिलिंद होता, प्रल्हादचा पुतण्या. नांदेडला सरकारी कार्यालयात नोकरी. मी गावात फोन करून कुठल्या गाडीनं येतो आणि अंगावर कुठला शर्ट असेल ते कळवलं होतं. त्याच्या आत्यानं, म्हणजे प्रल्हादच्या बहिणीनं, त्याला सांगितलं होतं, घरी आणायच्या आधी माणूस बघून घे.

"वाईट वाटून घेऊ नका. मागं एक जण आला होता. काका तिकडच्या जेलात जित्ता हाय, सोडवतो म्हणला. आत्यानं कानातले काढून दिले त्याला. त्यो गेला त्यो गेला."

"मग मी पास की नापास?"

"ट्रक उलटवला तवाच नापास." त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला. "पर आत्याला सांगतो, भेकड हाय, चोर न्हाई."

त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गावात पोचलो. सिमेंटचं बैठं घर, दारात कापसाचा ढीग, त्यावर झोपलेली मांजर. बैठकीत समोर बुद्ध आणि बाबासाहेब. उजव्या भिंतीवर घरातली गेलेली माणसं, प्रत्येकाला हार. डाव्या भिंतीवर लग्नांचे, पदवीचे, बारशाचे फोटो. त्यात मिलिंदच्या लग्नाच्या फोटोशेजारी हवाई दलाच्या टोपीतला एक सडपातळ तरुण. त्याला हार नव्हता.

गयाबाई, प्रल्हादची धाकटी बहीण, खुर्चीत ताठ बसून होत्या. ऐंशीला टेकल्या असाव्यात. मी जय भीम म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि हात पुढे केला. "बापाचा फोटो."

फोनवर त्यांनी आणायला सांगितलेला तो फोटो मी बॅगेतून काढून दिला. त्यांनी तो उजेडात धरला.

"हाव. ह्योच. सुटून आल्यावर आला होता. तिथं, उंबऱ्यात, माझी माय बसली होती." मग डोळे मिटून, सरकारी मराठीत, त्या म्हणाल्या, "मी म्हणालो, प्रल्हाद, जा. तो म्हणाला, येतो सर. त्याची पांढरी छत्री उघडलेली मी पाहिली. मग मी निघालो."

एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

"सरकारचा कागद आला होता," मिलिंद म्हणाला. "मृत समजण्यात येत आहे म्हणून. आजी म्हणली, कागदानं पाहिलं का? ह्या माणसानं पाहिलंय. तिनं जलदान करू दिलं न्हाई." जलदान म्हणजे गेलेल्याच्या नावानं घरच्यांनी पाणी ओतून पुण्य अर्पण करायचा विधी. "आजी गेली. तिचं केलं. काकाचं आजून न्हाई."

मला आता उठून पळावंसं वाटत होतं. फळीवरचं घड्याळ, घरघरणारा पंखा, सगळं मी बघून घेतलं. मग बोललो.

"छत्री नव्हती, मावशी. आग लागल्यावर वडिलांनी प्रल्हाद, प्रल्हाद अशा हाका मारल्या. खालून उत्तर आलं नाही. किती वाट पाहिली ते त्यांनाही सांगता येईना. मग ते निघाले. वरिष्ठांना त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. इथे मात्र तुमच्या आईनं विचारलं, माझ्या लेकराला सोडून आलास का. त्यांना हो म्हणवलं नाही."

गयाबाईंनी वडिलांचा फोटो मांडीवर पालथा ठेवला.

"तुला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही."

"आत्ता कामून आलास? बाप जाऊन तीन वरसं झाली म्हणतोस."

"धीर झाला नाही. आणि..." हे सांगणं सर्वांत जड गेलं. "मीही शाळेत दोनदा छत्रीच सांगितली. लोकांसमोर वडील मोठे राहावेत म्हणून."

"तुझ्या बापानं येक सांगितलं, तू दुसरं सांगून राहिला. कोणाचं धरू?"

मी माझ्या धंद्यातलं सांगितलं. खरं सांगणाऱ्याचं बोलणं दर वेळी जरा बदलतं, वडिलांचं कधीच बदललं नाही, म्हणून मला आधीपासून संशय होता. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुझा बाप कसा निघाला?"

"त्यांची खुर्ची उडायची. हँडल ओढलं की माणसासकट बाहेर."

"आन् प्रल्हादची?"

मी मिलिंदकडे पाहिलं. त्यालाही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"त्याची उडायची नाही. त्या विमानात खालच्याला तशी खुर्चीच नसे. उठायचं, बाजूच्या दारापर्यंत जायचं, उडी टाकायची. त्यानं बाहेर पडेपर्यंत वरच्यानं विमान धरून ठेवायचं."

"प्रल्हादला हे म्हाईत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"तरी बसायचा?"

"दर वेळी."

गयाबाई एकदम हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला. "मिल्या, ऐकलं का रं? ह्यो प्रल्हाद हिरीत उतरायचा तर दोर आधी बाभळीला बांधून हिसके देऊन बघायचा. मग मला लटकायला लावायचा. मग सोता. माय म्हणायची, ह्याचा देवावर बी इस्वास न्हाई, दोरावर बी न्हाई." त्या थांबल्या. "आन् त्या खुर्चीत बसला."

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

जेवायला वाढतील असं मला वाटलं नव्हतं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा आला. गयाबाई जेवल्या नाहीत. मी हात आखडता घेतला तर मिलिंद कुजबुजला, "खा गुमान. टाकलं तर आजून नापास."

निघताना मी विचारलं, "मावशी, आता जलदान करणार?"

"तुझ्या सांगण्यावर? येकाच्या सांगण्यावर पन्नास वरसं काढली मी." त्यांनी वडिलांचा फोटो परत दिला. "माझ्या घरात येऊन सांगणं सोपं हाय, बाबा. इथं तुला कोण वळखतंय? जिथं खोटं सांगितलं तिथं खरं सांग. मग बघू."

परतीच्या गाडीत अंधार पडेपर्यंत खिडकीशी बसलो. एका बाईनं मला फुटाणे दिले, मी घेतले आणि खाल्ले. नांदेडहून लातूरच्या बसमध्ये बॅग वरच्या फळीवर टाकली. घरी पोचल्यावर बायकोनं विचारलं, "ट्रकचं काय झालं?" मी म्हणालो, "ट्रक नव्हता." मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शर्ट बघूनच कळलं होतं. पण कुठे गेला होतात ते कळलं नव्हतं."

सव्वीस जानेवारीला शाळेनं बोलावलं. मिलिंदला मी फक्त दिवस कळवला होता. झेंडावंदन झालं, माझं नाव पुकारलं गेलं, आणि पालकांच्या शेवटच्या रांगेत चौकड्याचा शर्ट दिसला. त्यानं मोबाइल समोर धरला होता.

मी बोललो. आधी खुर्ची सांगितली, मग आग, मग हाका. छत्री नव्हती हे सांगितलं, आणि दोन वर्षं मी याच जागी ती होती असं सांगत आलो, हेही. टाळ्या वाजल्या नाहीत. वडिलांचे एक जुने मित्र उठून निघून गेले. मुख्याध्यापिकांनी घाईघाईनं लेझीमच्या पथकाला खूण केली. अजूनही काही लोक मला रस्त्यात टाळतात. बाप मेल्यावर त्याला उघडं पाडणारा मुलगा, असं ते म्हणत असतील. वडील भित्रे होते असं मला वाटत नाही. प्रल्हादच्या आईसमोर ते भ्याले, एवढंच. त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

लेझीमच्या गोंगाटात मिलिंद माझ्याजवळ आला आणि मोबाइल पुढे केला. "आत्या हाय."

"ऐकलं मी," गयाबाई म्हणाल्या. "आज जरा येगळं सांगितलंस."

"काय वेगळं, मावशी?"

"माझ्याकडं म्हणलास, प्रल्हाद प्रल्हाद आशा हाका मारल्या. आज म्हणलास, आधी नावानं मारल्या आन् मग नुसतंच आरं, आरं केलं."

मला आठवेना. मी तसं म्हणालो होतो? मग आठवलं. वडिलांनी दवाखान्यात सांगितलं होतं, अगदी तसंच. गयाबाईंच्या घरी बोलताना मी ते विसरलो होतो.

"हो, मावशी. बदललं खरं."

"पुनवेला भंतेजी येणार हायेत," त्या म्हणाल्या. "ये तू. पाणी ओतताना हात लावायला माणूस कमी हाय."