काटा, पुलर आणि पाहुणे

तळेघरच्या शाळेत बदली झाल्यावर मी जुनी गाडी घेतली, कारण तिकडची एसटी चुकली तर दुसरी कधी येईल हे कंडक्टरलाही माहीत नसतं. आठवडाभर मी घोडेगावात खोली करून राहायचे आणि रविवारी पिंपरी पेंढारला सासरी यायचे. वर्षभर गाडीनं काही तक्रार केली नाही. मग एका पावसाळ्यानंतर पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. खड्ड्यात कट्, वळणावर कट्.

पेठच्या मेकॅनिकनं चाक दोन्ही हातांनी हलवून बघितलं आणि म्हणाला, "ताई, खालचा बॉल जॉइंट गेलाय. घाटात चाक निखळलं तर शोधायला बी जायचं न्हाई कुणी." एवढं सांगून तो मेव्हण्याच्या लग्नाला निघून गेला. दहा दिवसांनी या म्हणाला.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मेकॅनिकचं नाव काढलेलंच आवडलं नाही. "आयुष्यभर यष्ट्या खोलल्या मी. ही तर डबी हाय. नवा जॉइंट तेवढा आन."

"काढायला काय लागेल?"

"हातोडी," मामा म्हणाले. "आन् मी."

पण मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते आणि त्यातला प्रत्येक माणूस हातोडी नको म्हणत होता. गोष्ट अशी असते की चाक जिथं वळतं तिथं एक गोळा वाटीत बसवलेला असतो, आपल्या खुब्यात असतो तसा. त्या गोळ्याची निमुळती दांडी चाकाच्या लोखंडात घट्ट रुतून बसते. नट काढला तरी ती जागची हलत नाही. तिला सोडवायची हत्यारं वेगळी असतात.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी एसटीनं नारायणगावला जाऊन नवा जॉइंट घेतला आणि हत्यारांच्या दुकानात गेले. दुकानातले शेठ राजस्थानी जैन घरातले, पण त्यांचे आजोबासुद्धा इथंच जन्मलेले. मी हत्यार मागितलं तर त्यांनी आधी मला बसायला स्टूल दिलं.

"जॉइंट ठेवायचाय का टाकायचाय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"लोकं हत्यार मागतात, काम सांगत न्हाईत." त्यांनी काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक शिंगांसारखा दोन टोकांचा जाड काटा. तो जॉइंटच्या बेचक्यात घालून वरून ठोकायचा. काम लगेच होतं, पण जॉइंटवरची रबरी टोपी फाटते. दुसरा पुलर, खेकड्याच्या नांगीसारखा. त्याचा बोल्ट आवळत गेलं की दांडीवर दाब येतो आणि रबराला धक्का लागत नाही. "पन ह्याला घाई चालत न्हाई," शेठ म्हणाले. "ताण द्यायचा आन् सोडून द्यायचं. च्या प्यायचा. तो त्याच्या मनानं सुटतो."

मी सांगितलं की खालचा जॉइंट टाकायचाच आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला आधी स्टिअरिंगच्या रॉडचा जॉइंट सोडवावा लागणार, आणि तो चांगला आहे. शेठनी डोळे मिटले. मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही विचार करायला लागली.

"मग दोन्ही लागतील," शेवटी ते म्हणाले. "पुलर न्या. काटा इकत घेऊ नका. काटा गावात कुनाकडं बी निघंल."

रविवारी नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. वेळ दुपारी चारची ठरली होती. नवरा चाकणला ड्युटीवर होता. मामांचा हिशेब होता की चारपर्यंत तसल्या दोन गाड्या खोलून होतील. सकाळी आम्ही अंगणात गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ओंडके लावले आणि चाक काढलं. पुलर वर्तमानपत्रात गुंडाळलेला तसाच ओट्यावर होता. मामांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. अर्धा तास ते स्टिअरिंगच्या जॉइंटशेजारच्या लोखंडावर हातोडी मारत होते. मग दांड्यातून हातोडीचं डोकं निसटलं आणि मेथीच्या वाफ्यात जाऊन पडलं. मामा ते शोधायला गेले. मी गाडीखाली शिरून नीट बघत होते, तेवढ्यात अंगणात जीप आली.

अकरा वाजले होते. मुलगा, त्याचे वडील आणि मावशी. त्यांचं सकाळचं दुसरं एक स्थळ ऐन वेळी फिसकटलं होतं, म्हणून ते आधी इकडंच आले होते. सासूबाईंचे हात मासवडीच्या बेसनात होते, नणंदेचे केस ओले होते, आणि घरची शिक्षिका सून म्हणून पाहुण्यांना माझे फक्त पाय दिसले.

मुलाचे वडील कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"बॉल जॉइंट," मामा मेथीतून म्हणाले.

त्या गृहस्थांनी टोपी काढून गाडीच्या आरशावर ठेवली, आणि कुणी काही म्हणायच्या आत ते माझ्या शेजारी पाठीवर सरकत आले. दुसऱ्या बाजूनं मामा आले. मी अंग चोरून मधे. बाहेर पडायला वाटच राहिली नाही.

तासाभरानं नणंद साडी नेसून पोहे घेऊन आली. अंगणात मुलगा आणि मावशी खुर्च्यांवर होते, पण प्रश्न वडीलधाऱ्या पुरुषानं विचारायचे असतात, आणि तो गाडीखाली होता.

"शिक्षण किती झालं, बाळ?" खालून आवाज आला.

"बी.कॉम.," नणंदेनं गाडीला सांगितलं.

"नोकरी करायची का?"

"हो, करणार आहे."

"सतरा-एकोणीसचा पाना हाय का?"

नणंद गोंधळली. "तो प्रश्न मला आहे," मी खालून ओरडले. तिनं पोह्यांचं ताट बॉनेटवर ठेवलं आणि पाना शोधून खाली सरकवला. मी फक्त तिच्या नव्या चपला बघितल्या. त्या रागानं परत गेल्या.

मामांना मग मुलगा आठवला. तो रांजणगावला कंपनीत होता. "पावणं, तुमी इंजिनियर. जरा बगता का?" मुलानं रुमाल अंथरून त्यावर गुडघा टेकला, मोबाइलची बॅटरी लावली, रॉड हलवून बघितला आणि उठून उभा राहिला.

"रिजेक्ट," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"मी क्वालिटीला आहे. आम्ही रिजेक्ट म्हणतो. पुढचं दुसरं डिपार्टमेंट बघतं."

तेव्हा त्याचे वडील जीपकडं गेले आणि हातभर लांब काटा घेऊन आले. गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून त्यांनी स्वतः बनवला होता. शेठचं म्हणणं खरं निघालं. "ह्यानं ट्रॅक्टरचा सोडवलाय मी," ते पुन्हा खाली सरकत म्हणाले आणि काट्याची टोकं त्यांनी बरोबर त्या चांगल्या जॉइंटच्या बेचक्यात घातली. मामांनी डोकं पुन्हा बसवलेली हातोडी उचलली.

"थांबा," मी म्हणाले. "तिथं काटा नको."

मावशींची पोह्यांची बशी वाजायची थांबली. दारात सासूबाई उभ्या होत्या, त्यांचे पाय मला ओळखू आले. मुलाच्या वडिलांनी मान वळवली. आमच्या नाकांत वीतभर अंतर होतं.

"कुनी सांगितलं?"

"शेठनी."

"शेठनी कंदी गाडी खोललीय का?"

"नसेल खोलली. पण काट्यानं रबर फाटेल, आणि हा जॉइंट मला वापरायचाय. गाडी माझी आहे. उद्या तिनंच मला तळेघरला जायचंय."

माझा आवाज मला स्वतःलाच परका वाटला. नव्या पाहुण्यांसमोर मोठ्यानं बोलायची ही वेळ नव्हे हे मला कळत होतं, आणि तोंडाला ग्रीस लागलं होतं.  त्या गृहस्थांनी काटा मागं घेतला. "लावा तुमचं," ते म्हणाले. "बगू."

मी पुलर मागवला, सुटताना उडू नये म्हणून नट चार आटे धरेल इतकाच ठेवला आणि बोल्ट आवळायला लागले. शेवटी मामांनी पान्याला पाइप लावून जोर दिला. बोल्ट आता तसूभरही फिरेना. जॉइंट तसाच.

"हाणू का?" मामा म्हणाले.

"नाही. जेवून घेऊ."

दोघं पुरुष बाहेर आले, पण उतू जाणाऱ्या दुधाकडं बघावं तसं गाडीकडं बघत. पडवीत पंगत बसली. मासवडी, रस्सा, बाजरीच्या भाकरी.  सासूबाई माझ्या ताटाकडं न बघता वाढत होत्या. मावशींनी मुलाला ढोसलं, काहीतरी विचार म्हणून. त्यानं रश्श्याची वाटी तोंडाजवळ नेली, खाली घेतली आणि नणंदेला म्हणाला, "तुमच्या आवडीनिवडी काय..."

अंगणात बंदूक उडावी तसा आवाज झाला.

रस्सा मुलाच्या शर्टावर सांडला. शेजारच्या उसात काम करणारी माणसं बिबट्या, बिबट्या ओरडत बाहेर पडली. एकानं फटाके लावले, एक बाई पातेलं बडवत आमच्या अंगणापर्यंत आली. "कुटं हाय?" तिनं विचारलं. मामा आणि मुलाचे वडील उष्ट्या हातांनी गाडीखाली शिरले होते. "सुटला!" मामा आतून ओरडले. "रबर बगा, रबर!" दुसरा आवाज म्हणाला. "नख बी लागलं न्हाई राव!" आणि नणंद, सकाळपासून ओठ आवळून बसलेली, भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मग खालच्या जॉइंटला काटा लावला, मामांची हातोडी तिसऱ्या घावाला लागली आणि तो निघाला. नवा बसेपर्यंत चार वाजले. निघताना मावशी म्हणाल्या, "अवो, मुलगी बघायची राह्यलीच की."

"बगितली की," मुलाचे वडील हात पुसत म्हणाले.

"नाव काय तिचं?"

त्यांनी मामांकडं बघितलं.

चौथ्या दिवशी मावशींचा नकाराचा फोन आला. मुलगी चांगली आहे, पण पाहुण्यांसमोर फार हसते, आणि घरातली सून गाडीखाली असते. सासूबाई पुढच्या रविवारी दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी भांडी लावताना एवढंच म्हणाल्या, "सून बघून लेक नाकारली." ते मला लागलं. गाडीचा आवाज बंद झाल्याचा आनंद त्यापुढं फार लहान होता. मी नणंदेजवळ जाऊन माफी मागितली.

"वहिनी," ती म्हणाली, "शर्ट बघून तो काय म्हणाला, ऐकलंत?"

"काय?"

"रिजेक्ट. शर्टाला म्हणाला का मला, ते अजून कळलं नाही. पण आपल्याकडूनही नकारच होता, एवढं आईला सांगा."

मी सांगितलं. सासूबाईंनी उरलेली भांडी फळीवर लावली.

दोन रविवारांनंतर पुन्हा ती जीप अंगणात आली. मुलाचे वडील एकटेच होते. त्यांचं मन बदललं असं वाटून सासूबाईंनी घाईनं चहा टाकला, नणंद मागच्या दारानं सटकली. ते गृहस्थ बशीतून चहा प्यायले, हवापाण्याचं बोलले आणि शेवटी लाजत मला म्हणाले, "ते तुमचं पुलर पायजे व्हतं जरा. भावकीतला टेम्पो अडकलाय."

मी पुलर दिला. मामा न सांगता चपला घालून जीपमध्ये बसले. दोघं निघाले तशा सासूबाई बाहेर आल्या. धूळ बसेपर्यंत रस्त्याकडं बघत राहिल्या.

"किती येळ लागतो गं ते सुटायला?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"मग भात उशिरा टाकते," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.