कळंबचा समुद्र

पिक्चर थिएटरातून कधीच उतरला, पण आमच्या युनिटचे चार लोक भेटले की त्याच्या शूटिंगचे किस्से पुन्हा सुरू! कपडेपट माझ्याकडे होता, त्यामुळे मी सगळ्यात होते.

गोष्ट होती एका खलाशाची आणि एकटीनं मुलगी वाढवणाऱ्या बाईची. शूटिंग घाटाखालच्या कळंबला. आता कळंबला समुद्र कुठून आणायचा? तलावावरच भागवलं. हीरो क्षितिजाकडे बघत उभा. तेवढ्यात मागून एक आजोबा आले. "सायेब, तुमचा समुद्र झाला आसंल तर म्हशी धुवायला घेऊ का?"

एकदा हीरो पांढऱ्या युनिफॉर्मवरच शिळफाट्याला वडापाव खायला गेला. एक गृहस्थ बराच वेळ न्याहाळत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "लग्नाच्या वरातीला तुमचा बँड मिळंल का?"

खलाशाचं काम शिकवायला आम्ही चौक गावचे दळवी आणले होते. खरेखुरे जहाजावरचे, सुट्टीवर आलेले, पन्नाशीचे, एकटे. हीरोनं होडीला गाठ मारली आणि होडी हीरोइनसकट निघाली! दळवी शांतपणे म्हणाले, "बुटाची लेस छान बांधता हो तुम्ही."

शूटिंगचं घर सुनंदाताईंचं. नवरा गेल्यावर त्यांनीही मुलीला एकटीनंच वाढवलेलं. हीरोइनला भाकरी थापता थापता रडायचं होतं. भाकरी सारखी फाटायची. सुनंदाताई म्हणाल्या, "आगं, आमी आधी भाकऱ्या करायचो. मग रडायचो."

दिग्दर्शकानं सीन तिथल्या तिथे बदलला.

आणि तो शेवटचा दिवस! निरोपाचा सीन. हीरो-हीरोइन मेकअपमध्ये, म्हणून लाइट लावायला त्यांच्या जागी दळवी आणि सुनंदाताईंना उभं केलं. दळवी रोज न चुकता त्यांच्याकडे चहाला जायचे, हे सगळ्या युनिटला ठाऊक होतं. सोमवारी त्यांना जहाजावर परतायचं होतं, हेही.

"नुसतं उभं राहा, बोलायचं काही नाही," दिग्दर्शकानं बजावलं.

दळवी बोललेच. "सुनंदाबाई, सहा महिन्यांनी उतरतो. तोवर माझा चहा ठेवाल?"

सुनंदाताईंनी पदर सारखा केला.

"ठेवलेला गार व्हतो. तुमी या, नवा टाकीन."

कॅमेरा बंद होता. तरी दिग्दर्शकाच्या तोंडून "कट!" निघालं.

दोघांपैकी कुणीच हललं नाही.